क्रोमची कुळकथा

"काकू, तुमच्या नव्या फोनातलं क्रोम काही निघत नाही. फार तर बंद करून ठेवता येतं."

"का नाय निघत? पैसे मी भरले, फोन माझा."

बिनतोड मुद्दा. हेच म्हणायला दिल्लीच्या कॉम्पिटिशन कमिशनला शेकडो पानं लागली. आमच्या पूर्ण्यात काकूंनी आग्रा रोडची धूळ साडीवरून झटकता झटकता सांगून टाकलं.

"यावरूनच खटला झाला. २० ऑक्टोबर २०२२ ला गूगलला १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड! आणि तक्रार कुणी केली होती? बड्या कंपनीनं नाही, तीन तरुण पोरांनी. दोघं त्याच कमिशनकडे संशोधनाचं काम करणारी, तिसरा कायद्याचा विद्यार्थी."

"आगो बाय! पण यांचा गुन्हा काय?"

"एखादा गोदामवाला अडून बसतो बघा, गाळा देतो, पण हमाल माझे, टेम्पो माझा, कॅन्टीनही माझंच. तसं. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं, तर सोबत क्रोम, यूट्यूब, सर्च सगळं घ्यावं लागायचं. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, कमिशनच्या चार अटी मात्र उडाल्या."

"नवीनच काढलं हे."

"नवीन कुठलं? आधी मायक्रोसॉफ्टनं हेच केलं होतं. नेटस्केप नावाचा ब्राउझर तेव्हा जोरात होता. यांनी विंडोजबरोबर इंटरनेट एक्स्प्लोरर फुकट दिला आणि नेटस्केपचा धंदा बसला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं कोर्टात खेचलं. २००० साली जज म्हणाले, कंपनीचे दोन तुकडे करा. वर्षभरात वरच्या कोर्टानं ते फिरवलं."

त्या एक्स्प्लोररशी माझं जुनं वैर. एक सरकारी साइट फक्त त्याच्यातच उघडायची. सहीचा डोंगल लावायचा, पासवर्ड टाकायचा, की पान पांढरंफटक. बाहेर ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि शेठ विचारतायत, "झालं का?" जून २०२२ मध्ये त्याचा कारभार आटोपला, तेव्हा आख्ख्या ऑफिसला मी कटिंग पाजली.

"मग त्या नेटस्केपचं काय झालं?"

"वंश राहिला. त्यांनी आपला कोड सगळ्यांना खुला केला होता, त्यातूनच पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स आला. गुणी आहे. पण त्याची बरीचशी कमाई गूगलकडूनच येते. सर्चला पहिली जागा दिल्याचे पैसे."

"मग तो भांडणार काय डोंबल!"

"आणि हो, तुमचा नातू ती काळी खिडकी उघडतो ना, इन्कॉग्निटो? त्यातलंही कंपनीकडे जमा होत होतं. अमेरिकेत दावा लागला, २०२४ मध्ये गूगलनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं."

काकूंनी घराकडे वळून नातवाला अशी काही हाक मारली, की तो मागच्या दारानं पसार झाला असावा.

"मग तिकडच्या कोर्टात पुढे काय?"

"सर्चच्या मक्तेदारीवरून तिकडच्या सरकारचाही गूगलवर खटला होता. सरकार म्हणत होतं, क्रोम विकायलाच लावा. एका एआय कंपनीनं साडेचौतीस अब्ज डॉलरची बोलीही लावली. जज अमित मेहता, मूळचे पाटणचे."

"म्हंजे आपल्या साताऱ्याचे?"

"गुजरातचं पाटण हो! सर्चमध्ये गूगलची मक्तेदारी आहे, असं त्यांनीच २०२४ मध्ये ठरवलं होतं. पण २ सप्टेंबर २०२५ ला म्हणाले, क्रोम विकायची गरज नाही. क्रोम बाजारात आलं तेही २ सप्टेंबरलाच, २००८ साली. वाढदिवशी याहून मोठी भेट कुणाला मिळाली असेल?"

"आपल्या लोकांनी एखादा बनवावा की."

"आपल्या सरकारनं त्यासाठी स्पर्धा घेतली होती. २०२५ मध्ये झोहोला पहिलं बक्षीस मिळालं, एक कोटी. त्यांचा उला नावाचा ब्राउझर आहे, पण तोही क्रोमियमवर, म्हणजे गूगलनंच खुल्या केलेल्या कोडवर उभा."

काकूंनी शेवटचा चिमटा साडीला लावला.

"दंड तेराशे कोटी आणि बक्षीस एक कोटी? एक कोटीत आपल्या आग्रा रोडला धड गाळा नाय येत, ब्राउझर कुठून येणार!"