कॅसेटभाऊ

कॅसेटभाऊंच्या घरी गेलं की आधी पाणी येत नाही, आधी हात तपासले जातात. नागपुरात सकाळी घराबाहेर पडलेल्या माणसाच्या बोटांना तर्रीचं तेल असणारच, हा त्यांचा सिद्धांत. आणि तो खोटा पाडणारा पाहुणा अजून जन्मायचा आहे. साबण, टॉवेल, मग खोली. खोलीच्या तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर खोकी, खोक्यांवर प्लास्टिक. चौथ्या भिंतीशी दोघांनाही उचलवणार नाही असा जुना ट्यूबचा टीव्ही.

हा माणूस एकटादुकटा नाही. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये तो आहे, त्रिमूर्तीनगरात आहे, महालातल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावरही आहे. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बरी, घराचा हप्ता चालू, आणि अधूनमधून जपानहून येणारं एक पार्सल. बायको त्याला ‘यांचा तो शौक’ म्हणते आणि ‘तो’वर जरा जोर देते.

रोगाचं मूळ नव्वदच्या दशकात आहे. निन्टेंडोनं जपानात १९८३च्या जुलैमध्ये फॅमिकॉम हा टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम काढला, किंमत १४,८०० येन. आपल्या गल्लीत पोचला तो त्याचा तोतया, तैवान-चीनच्या वाटेनं, भारदस्त इंग्रजी नाव लावून. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९९९९ इन १’. लावून पाहिलं की मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडे, बदकं, आणि मग पुन्हा मारिओ, फक्त थोडा पुढच्या टप्प्यापासून. एवढ्या मोठ्या आकड्याला फसलेली पिढी पुढे म्युच्युअल फंडाच्या जाहिरातींना फसली, तर त्यात नवल काय?

ज्याच्या घरी गेम, तो गल्लीचा राजा. कॅसेटभाऊ राजा नव्हते, ते ‘दोन नंबर’ होते. शेजारच्या घरी चप्पल बाहेर काढून बसायचं, राजाच्या आईनं सांगितलेलं दळण आणून द्यायचं, तेव्हा कुठे दोन नंबरचा रिमोट हाती यायचा. कधी कधी त्याची वायरच लावलेली नसे, आणि हे आपण खेळतोय असं समजून मन लावून बटणं दाबत. तेवढ्यात लाईन जायची. गेम जिथल्या तिथे साठवून ठेवायची सोय त्या कॅसेटमध्ये नव्हती, म्हणून लाईन आली की सगळं पहिल्यापासून, आणि पहिला नंबर अर्थातच राजाचा.

मोठेपणी त्यांनी खरा जपानी फॅमिकॉम मागवला तेव्हा एक ज्ञान झालं. त्याचे दोन्ही रिमोट मशीनलाच कायमचे जोडलेले असतात, म्हणजे वायर काढून ठेवायची लबाडीच नाही. पण दोन नंबरच्या रिमोटला स्टार्टचं बटणच नाही. त्याऐवजी छोटा मायक्रोफोन आहे. दोन नंबरवाल्यानं सुरू काही करायचं नाही, नुसतं ओरडायचं! कॅसेटभाऊ म्हणतात, आपल्या बालपणाचा उलगडा त्यांना त्या दिवशी झाला.

खरेदी हे एक वेगळंच प्रकरण आहे. जपानी विकणारा मालावरचा प्रत्येक ओरखडा फोटो काढून दाखवतो आणि वर ‘जंक’ असा शिक्का मारून मोकळा होतो: चालेल की नाही, आम्ही सांगत नाही. इतवारीच्या कबाड्याचा शिरस्ता उलटा. मशीनला वायर नाही, झाकण नाही, आत झुरळाचा संसार, पण विचारलं की, “एकदम चालू हाये भाऊ, घरी जाऊन लावा फक्त.” कॅसेटभाऊंचा विश्वास जपान्यावर, पण आनंद कबाड्याकडे, कारण जपान्याशी घासाघीस करता येत नाही.

जपानी यंत्र १०० व्होल्टचं आणि आपल्या भिंतीत २३०, त्यामुळे मधे ट्रान्सफॉर्मर. ट्यूबचा टीव्ही मात्र बदकांच्या गेममधल्या बंदुकीसाठी. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड पाहतो. नव्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, म्हणून बंदूक आंधळी होते. हे शास्त्र त्यांनी बायकोला अनेकदा समजावलं आहे. तिचं उत्तर ठरलेलं: “बदकं मरत नाही, त्याचं मले दुःख नाही. दिवाण कुठं ठेवू, ते सांगा.”

२०२१च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात न उघडलेली सुपर मारिओ ६४ची कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. तेव्हापासून घरात ‘शौक’ जाऊन ‘गुंतवणूक’ हा शब्द आला. त्यांच्याकडच्या सगळ्या कॅसेटी उघडलेल्या आहेत, काहींवर दुसऱ्याच मुलाचं नाव स्केचपेननं लिहिलेलं आहे, हा तपशील त्या चर्चेत येत नाही.

नियम कडक. कॅसेटमध्ये फुंकर मारायची नाही. तोंडाच्या वाफेनं आतले धातूचे दात गंजतात. कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच. अख्ख्या पिढीनं फुंकरीवर कॉन्ट्रा काढला, हे त्यांना मान्य आहे, ‘पण अडाणी होतो तेव्हा’. रात्री सगळे झोपल्यावर मात्र त्या खोलीतून ‘फू’ असा आवाज येतो. घरचे ऐकतात आणि कूस बदलतात.

पण कॅसेटभाऊ पाहावे ते मे महिन्यात, गच्चीवर. जुन्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं घातलेली असतात, त्यानं वर्षानुवर्षांत ते पिवळं पडतं. उतारा एकच: हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम फासायचं, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. परदेशातले शौकीन यासाठी निळे दिवे विकत घेतात. नागपूरकराला देवानं पंचेचाळीस डिग्री फुकट दिली आहे. क्रीम ब्यूटी पार्लरमध्ये मिळतं. तिथल्या बाईंनी विचारलं, “कोणाचे केस आहेत?” हे म्हणाले, “१९९०चा सुपर फॅमिकॉम आहे.” बाईंनी दोन डबे दिले आणि पुढे काही विचारलं नाही.

गच्चीवर आईच्या कुरडया आणि मुंगवड्या आधीच साडीवर पसरलेल्या. सावली फिरली तसं यांनी मशीन हळूच साडीच्या कोपऱ्यावर सरकवलं.

“काहून रे, हे काय ठेवलं माह्या कुरडयांवर?”

“आई, वाळत नाही ते. गोरं होऊन राहिलं.”

“मंग खाली ने अन् हळद लाव.”

लेकीला घेऊन ते मॉलमध्ये जातात तेव्हा खेळण्यांच्या पंजाच्या मशीनसमोर व्याख्यान होतं. सेगानं १९८५मध्ये ‘यूएफओ कॅचर’ काढल्यापासूनचा इतिहास, पंज्याची पकड मालकाला हवी तेवढी सैल कशी करता येते, जपानी माणूस बाहुली उचलत नाही, कशी ढकलत ढकलत कडेला नेतो, आणि तिथे अडलं तर दुकानातला पोरगा स्वतः काच उघडून बाहुली सोयीची ठेवून कसा देतो. एवढं सांगून त्यांनी इथल्या पोराला नम्रपणे विनंती केली, “भाऊ, ते अस्वल जरा इकडं सरकवून द्या ना.” पोरगा त्यांच्याकडे बघत राहिला. “सर, अस्वल पाहिजे असन तर बर्डीवर दीडशेले भेटते.” कॅसेटभाऊंनी आणखी शंभराची नोट मोडली. प्रश्न आता अस्वलाचा राहिला नव्हता.

मागच्या दिवाळीत गल्लीचा राजा पुण्याहून आला. पोट सुटलेलं, केस गेलेले. त्यानं निमूट हात धुतले, फळ्या पाहून ‘बाप्पा!’ म्हणाला, आणि सवयीनं टीव्हीसमोर मधोमध बसला. कॅसेटभाऊंनी कॉन्ट्रा लावला, एक नंबरचा रिमोट स्वतःकडे घेतला आणि दुसरा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

“याच्यावर स्टार्ट कुठं आहे बे?”

“नाही त्याच्यावर,” कॅसेटभाऊ म्हणाले. “माईक आहे. ओरड.”