सावेडीतला खारा पेशंट

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींच्या नेमोला गाठ आली होती! नेमो म्हणजे मासा हो, केशरी अंगावर पांढरे पट्टे, २००३ च्या त्या सिनेमातला. खाऱ्या पाण्यातला. नगरला समुद्र कुठला, पण धाकट्याचा हट्ट! मुंबईहून ऑक्सिजनच्या पिशवीत बसून माळशेज घाटातून आला तो. आणि आपण साधं मुंबईला न्या म्हटलं तर आपले हे... जाऊ दे.

तर काय सांगत होते, पराच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढरी गाठ, आणि एक बारकी ओठापाशी. वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. थेट कॅन्सरच म्हणाल्या! सासूबाई म्हणाल्या, ‘हळद लावा.’ सासऱ्यांचं म्हणणं, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्या. आपल्या गुरांच्या डॉक्टरांनी फोटो पाहून हातच जोडले. ‘ताई, मी गाई-म्हशींचा.’ तेवढ्यात दीर आले निळी बाटली नाचवत. ‘तांब्याचं औषध आहे, ओता टाकीत, दोन दिवसांत साफ.’ झाकण उघडलंसुद्धा हो!

आणि नेमका भाचीचा व्हिडिओ कॉल. ती वर्सोव्याला, त्या केंद्र सरकारच्या मत्स्यशिक्षण संस्थेत शिकते ना, तीच. ती अशी ओरडली की दिरांच्या हातातलं झाकण खाली! म्हणे, ‘काका, टाकीत कोळंबी आहे, शंख आहेत, तांब्याने सगळे मरतील. शिवाय तांबं दगडात, वाळूत मुरतं ते वेगळंच.’ दिरांचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही.

मग तिची उलटतपासणी सुरू. ठिपके बारीक, अंगभर आहेत का? नाही. दगडाला अंग घासतो? धापा टाकतो? नाही, नाही. तसं असतं तर पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, त्याला तांबं चालतं, पण वेगळ्या टाकीत आणि रोज मोजून. ही गाठ ओबडधोबड, हळूहळू वाढलेली, आणि पेशंट मजेत खातोय. म्हणजे लिम्फोसिस्टिस. विषाणू असतो म्हणे. कातडीतली एकेक पेशी एवढी फुगते की नुसत्या डोळ्यांना दिसावी. खात्रीच हवी तर कणभर खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायचं. बरं, गाठ दुसऱ्याही कशाची असू शकते. क्षयाच्या जंतूंचे काही भाऊबंद माशांना होतात आणि हाताला जखम असली तर माणसाच्या कातडीतही शिरतात. हे ऐकलं मात्र, टाकीच्या काठावरचा सासूबाईंचा हात झटकन पदराखाली!

‘मग औषध काय?’ वहिनी. ‘काही नाही.’ अहो, औषध नाही म्हटल्यावर वहिनींचा विश्वासच उडाला तिच्यावरचा. म्हणे, शिकतेय अजून!

पण ती पोर पक्की. गाठ कापायची नाही, चोळायची नाही. माशाला ताण कशाचा आलाय ते शोधा, गाठी आपोआप झडतील, आठवडे लागोत की महिने. आणि म्हणाली, हायड्रोमीटर लावा. लावला. हवं १.०२५ च्या आसपास, निघालं १.०३०! आता धाकट्याची पाळी. आपला उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे, टाकीतलं पाणी आटतं, पण मीठ जातंय कुठे? ते तिथेच. वर साधं आरओचं पाणी घालायचं, तर हा पठ्ठ्या दर वेळी मिठाचं पाणी ओतत होता! कान असे लाल झाले मेल्याचे... आणि एकदम गोडं पाणीही ओतायचं नाही बरं का, थोडं थोडं करून खारटपणा उतरवायचा. बर्फातली कोळंबी वितळवून, व्हिटॅमिनचे थेंब लावून खायला. थाट बघा!

तर परवा गेले मी साखर मागायला. ओठाजवळची गाठ गेलेली, पराची निम्म्यावर. आता घरात भांडण कशावरून? सासूबाई म्हणतात, मी मीठ-मोहरीने दृष्ट काढली म्हणून. वहिनी म्हणतात, व्हिटॅमिन. भाचीचं नाव कुणीच घेत नाही. आणि दीर अजून त्या निळ्या बाटलीचे पैसे मागतायत, झाकण उघडलं म्हणून दुकानदार परत घेईना ना!