काईच नाही जी आमच्याकडं!

महाराष्ट्रात कोणत्या गावाला स्वतःबद्दल काय वाटतं, हे जाणून घ्यायचं असेल तर कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसावं. तेराशेहून अधिक किलोमीटर धावते आणि राज्याबाहेर चाक टाकत नाही. कोल्हापूरकर मिरज यायच्या आत सिद्ध करतो की, बाकीच्या जगाला मटण शिजवता येत नाही. पुण्याला चढणारे आम्ही काही सिद्ध करत नाही. सगळ्यांना ते ठाऊक आहे असं आम्ही धरूनच चालतो. जळगावकर भरताच्या वांग्यावर थांबत नाही, केळीवर येतो. अकोलेकराला तर उन्हाचाही अभिमान. नागपूरकराकडे झिरो माइल आहे, त्यामुळे तो देशाचा मध्य स्वतःच्या घरापासून मोजतो.

नागपूरला डबा निम्मा रिकामा झाला आणि एकदम शांतता पसरली. उरले ते गोंदियाचे. समोरच्या काकांची राईस मिल होती. विचारलं, "गोंदियात पाहण्यासारखं काय आहे?"

"काईच नाही जी. धान आहे, मिली आहेत, मच्छर आहेत. तुमी कायले येऊन राह्यले?"

"नवेगावबांधचा तलाव बघायचाय."

"हो, आहे एक बोडी."

झाडीपट्टीत बोडी म्हणजे शेताच्या कडेचं लहानसं तळं. काका ज्याला बोडी म्हणत होते, तो कोलू पाटील कोहळींनी बांधलेला, डोंगरांत पसरलेला अवाढव्य जलाशय. मारुती चितमपल्लींनी त्याच्या काठी वनाधिकारी म्हणून वर्षं काढली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. हेच पुण्यात असतं तर आम्ही काठावर चार पाट्या लावल्या असत्या, त्यातल्या तीन सूचनांच्या.

माझा न्यू जर्सीतला भाचा मॅनहॅटनला निघाला की नुसतं "सिटीत जातो" म्हणतो. जगात दुसरी सिटी असल्याची त्याला शंकाही नाही. शिकागोचं वेगळं. 1952 साली 'न्यूयॉर्कर'मध्ये ए. जे. लीब्लिंगनं त्या शहराला 'दुसरं शहर' म्हणून टोमणा मारला, तर 1959 मध्ये तिथल्या विनोदी मंडळींनी तेच नाव आपल्या नाटक कंपनीला लावलं. टोमणा पचवून त्याची पाटी करायची, ही शिकागोची रीत. गोंदियावाला दुसऱ्याला तेवढी तसदीही देत नाही. टोमणा स्वतःच मारतो.

तर काका म्हणाले, काईच नाही. मी सभ्यपणे मान डोलावली, "असेल, लहान गाव आहे."

काका ताठ बसले.

"लहान? हावडा लाइनचं जंक्शन आहे जी! बालाघाटले जा, बल्लारशाले जा, इथूनच गाडी. बिरसीले विमानतळ आहे, इंग्रजायनं महायुद्धात बांधला. पायलट तयार होतेत तिथं! सारस पाह्यला का कधी? उडणाऱ्या पाखरायमंधी सगळ्यात उंच. महाराष्ट्रात पाह्याचा असन तं आमच्याच धानाच्या बांधीत या. नागझिऱ्यात वाघ आहेत. हाजरा फॉल आहे. कचारगडची गुफा आहे, माघात लाखो आदिवासी येतेत..."

तिरोडा आलं नि गेलं, यादी चालूच होती. मी वहीत लिहून घेऊ लागलो, तसे काका ओशाळले. "पण तसं पाह्यलं तं काई नाही जी."

"मग भंडारा बरा?" मी सहज विचारलं. 1 मे 1999ला भंडाऱ्यातूनच गोंदिया जिल्हा वेगळा झाला, हे मला माहीत होतं.

"भंडाऱ्यात तं तेवढंबी नाही!" हे मात्र काका पूर्ण विचारांती बोलले. वरच्या बर्थवर झोपलेला मुलगाही डोळे न उघडता "बरोबर" म्हणाला.

स्टेशन जवळ आलं तशी त्यांनी माझी पिशवी खाली काढून दिली, उतरायचं कुठं, ऑटोवाल्याला किती द्यायचे ते सांगितलं आणि घरी जेवायचं आमंत्रणही दिलं. "साधं आहे जी, भात अन् भाजी."

"किती दिवस आहात?"

"दोन."

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"दोन दिवसात काय पाह्यता जी गोंदिया? आठ दिवस तं पायजेच!"