खापरसर

पुरातत्त्वात एम.ए., डोक्यावर कापडी टोपी, शर्टाच्या खिशात मोजपट्टी आणि ब्रश, बँकेत किमान शिल्लक राखण्याची मारामार, असा माणूस तापी-पांझरेच्या काठी कुठं ना कुठं उन्हात उकिडवा बसलेला सापडतो. हा एकच माणूस नव्हे. ओळखीतले तीन-चार एकत्र कालवून मी त्यातून एक काढला आहे. आदेशात त्याचं पद लांबलचक असतं आणि पदाच्या आधी 'कंत्राटी' असतं. मजूर त्यांना नुसतं खापरसर म्हणतात.

खापरसरांची नजर कामावरून घरी आली तरी सुट्टी घेत नाही. धुळ्यात मावशीकडे जेवायला गेले की शेवभाजी संपवून वाटी उपडी करतात, बुडावरून अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "काठ बाहेर वळलेला आहे." मावशी बिचारी वाटी गळते की काय म्हणून दुसरी आणून देते. भिंतीचा पोपडा निघालेला दिसला की खाली रंगाचे किती थर आहेत ते मोजतात. स्वतःच्या नोकरीचे थर मात्र मोजत नाहीत. अकरा महिन्यांचा आदेश, मग खंड, मग पुन्हा आदेश. ही स्तररचना फार वर्षांची आहे.

खानदेशावर बोलायला लागले की मात्र ऐकत राहावं. गिरणाकाठच्या बहाळला म. न. देशपांडे यांनी खणलं, 1955 साली प्रकाशाला बी. के. थापर आले, पाटण्याला साळींना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. साक्री तालुक्यातलं कावठे तर त्यांचं खास लाडकं. तिथं ढवळीकरांच्या उत्खननात चार हजार वर्षांपूर्वीची, जमिनीत खड्डे करून बांधलेली घरं निघाली. माणसं अर्धी भटकी, गुरांमागं फिरणारी. थोडक्यात, हंगामी मुक्कामाची. त्यांचा इतिहास हंगामी माणसानंच खणावा हे रीतसरच झालं.

लग्नाच्या बाजारात अडचण होते. "मुलगा सरकारी?" "हो, पण कंत्राटी." पाहुणे पोहे संपवतात आणि कळवतो म्हणतात.

एकदा शहाद्याकडच्या साइटवर दुपारी भाकरी सोडली, तेव्हा एक म्हातारा मजूर जवळ सरकला. त्यानं अर्धं आयुष्य सालदारकी केलेली. विचारलं, "सर, तुमनं साल कितलामां ठरनं?" सरांनी आकडा सांगितला.

"आनि दाना?"

"दाणा नाही."

"कपडा? चपला?"

"नाही."

"उचल?"

सर हसले. उचल राहू दे, मागल्या तीन महिन्यांचं मानधनच आलेलं नव्हतं. म्हाताऱ्यानं काही न बोलता आपल्या कळण्याच्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडला, वर ठेचा ठेवला आणि सरांच्या वर्तमानपत्रावर सरकवला.

आपल्याकडे सालदार वर्षाला एकदा मालकासमोर बसून दाणा, कपडा, उचल सगळं बोलून घेतो. हे बोलायचं बळही आपोआप आलेलं नाही. 1972 च्या दुष्काळाच्या दिवसांत याच शहादा भागात अंबरसिंग सुरतवंतींच्या बरोबरीनं भिल्ल मजूर उभे राहिले, श्रमिक संघटना झाली, मजुरीसाठी आणि गेलेल्या जमिनीसाठी मोर्चे निघाले. ज्या काळ्या मातीत सर चार हजार वर्षांपूर्वीची चूल शोधतात, तिच्या अगदी वरच्या थरात हा इतिहास पडलेला आहे. तो खणायला ब्रश लागत नाही, म्हणून असेल, सरांच्या अहवालात येत नाही.

सरांनीही संघटना करून पाहिली. व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघाला. 'संघटना' शब्दानं साहेब बिचकतील म्हणून 'स्नेहीमंडळ' ठरलं. निवेदनाचा मसुदा झाला. मग विद्वत्ता आडवी आली. कुणी 'मागणी' खोडून 'विनंती' केली, दुसऱ्यानं तिला 'नम्र' जोडलं, तिसऱ्यानं तळटीपा मागितल्या. कायदा सगळ्यांना तोंडपाठ. 2006 च्या उमादेवी निकालानं, नुसती वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. 2016 च्या जगजित सिंग निकालानं, समान कामाला समान वेतनाचं तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होतं. दुसऱ्या निकालाच्या आधारानं पत्र भक्कम झालं. सहीची वेळ आली तेव्हा ज्याला त्याला आपला आदेश संपायची तारीख आठवली. "तुम्ही करा आधी, तुम्ही ज्येष्ठ." "नाही, तुमच्या सहीला वजन आहे." शेवटी पत्र गेलं ते 'आम्ही सर्व' या नावानं, सहीशिवाय आणि तारखेशिवाय. ज्या धुळ्यात वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी वारले आणि ज्या धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, तिथून असा कागद निघाला! राजवाड्यांनी तो पुरावा म्हणून दाखलही करून घेतला नसता.

राजवाड्यांचं नाव या धंद्यात आणखी एका कामाला येतं. पैशाचा विषय निघाला की कुणीतरी वडीलधारा सांगतो, "अरे, राजवाडे हातानं स्वयंपाक करून गावोगाव दप्तरं शोधत हिंडले. त्यांनी कधी पगार मागितला?" खापरसर मान खाली घालतात. मला हे पटत नाही. राजवाडे कुणाचे नोकर नव्हते. त्यांच्या वाटेत मस्टर नव्हतं, बायोमेट्रिक हजेरी नव्हती, 'ग्रँट आली की बघू' म्हणणारा अधिकारी नव्हता. त्यांचं दारिद्र्य त्यांनी स्वतः निवडलं होतं. दुसऱ्यावर ते लादायचा अधिकार त्यांच्या नावानं कुणालाही मिळत नाही. ब्रिटनमध्ये खणणारी माणसं 'प्रॉस्पेक्ट' या युनियनची सभासद होतात, आणि तरीही तिथं पगाराची ओरड चालूच असते. म्हणजे संघटना झाली की लगेच हंडा सापडतो असं नाही. पण निदान अर्जाखाली सही असते.

परवा साइटवर मजुरांची आठवड्याची मजुरी थकली. सकाळी मुकादमानं सगळ्यांना झाडाखाली बसवलं, एकानंही कुदळ उचलली नाही. दुपारपर्यंत पैसे आले. त्या पैशांच्या पावत्या लिहिल्या खापरसरांनी, सुंदर अक्षरात, क्रमांक टाकून. त्यांचं स्वतःचं मानधन अजून यायचं होतं.

तेव्हा वाचकहो, यंदा एखाद्या लग्नात टोपीवाला असा कुणी तुमच्या पंगतीला बसला, तर "काय, सोनं-बिनं सापडलं का?" असं विचारू नका. पगार झाला का, तेवढं विचारा. आणि झाला नसेल, तर पुढच्या पत्राखाली पहिली सही त्यानंच करावी असं सांगा.