बॅनरखालचे गोल

"काकू, झोप लागली का काल?"

विचारायचं म्हणून विचारलं. उत्तर ठाऊक होतं. आमच्या दोन इमारतींमधली कुंपणाची भिंत छातीएवढी आहे. पलीकडे काकूंची जास्वंद, अलीकडे माझी कपड्यांची दोरी, आणि सकाळी साडेआठला तिथे जे अधिवेशन भरतं त्याच्या गणपूर्तीला आम्ही दोघी पुरतो.

"झोप कसली! दहाला स्पीकर बंद झाला, ते कबूल. कायदाच आहे तसा. पण नंतर साडेअकरापर्यंत खाली मोटरसायकली फिरवत होते ना! सायलेन्सर काढलेल्या. त्याला दहाचा नियम नाही वाटतं."

"कोणाची पोरं?"

"त्याचीच. परवा वाकून पाया पडला त्या उमेदवाराची. दुसरं कोण इतकं उधळलंय?"

ठाण्यात २०२६ च्या आधीची महापालिका निवडणूक झाली होती फेब्रुवारी २०१७ मध्ये. मार्च २०२२ पासून तर नगरसेवक हा प्राणीच नव्हता, प्रशासक कारभार बघत होता. इतकी वर्षं ताटकळलेले कार्यकर्ते एकदम मोकळे सुटले होते. मतदान १५ जानेवारी २०२६ ला, म्हणजे ऐन किंक्रांतीला. काकूंना हे अजिबात पटलेलं नव्हतं. करीच्या दिवशी कोणी शुभकार्य करतं का, असं त्यांचं म्हणणं. त्यावर आतून पेपराआडून काकांचा आवाज आला होता, "निवडणूक हे शुभकार्य आहे असं तुला कोणी सांगितलं?"

काका मुंबई हायकोर्टातून निवृत्त झाले. वकील नव्हेत, कारकून. पण तीस-पस्तीस वर्षं फायली वाहिलेला माणूस वकिलापेक्षा जास्त ऐकून असतो.

"परवा तो आला तेव्हा मी घरात नव्हते," मी म्हटलं. "काय झालं ते नीट सांगा."

काकूंनी हातातली परडी भिंतीवर ठेवली. म्हणजे आता सविस्तर.

"तो एकटा असता ना, तर बरा आहे गं मुलगा. बोलणं मऊ. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन लक्षात होतं. पण मागे वीस-पंचवीस जण! जिन्यात मावेनात. एकजण थेट रांगोळीवर. एकाने बोलता बोलता जास्वंदीची कळी तोडली. कळी! फूलसुद्धा नाही. फोनवर बोलत होता आणि नखाने कुरतडत होता. तिसरा मला म्हणतो, काकू, बटण कुठलं दाबायचं माहिताय ना? आवाज असा की मी त्याचं देणं लागते. आणि चौथ्याने आमच्या पाटीवर स्टिकर चिकटवला. अर्धं आडनाव झाकलं."

"आणि उमेदवार?"

"त्याने पाहिलं. तो पाहतोय हे मी पाहिलं. त्याला कळलं की मी पाहिलं. आणि म्हणाला काय? पोरं जरा उत्साही आहेत, काकू."

इथे काकूंनी जो पॉज घेतला तो रंगभूमीवर शोभला असता.

"उत्साही! दुसऱ्याचं पोर असलं की व्रात्य, आपलं असलं की उत्साही."

मला त्या उमेदवाराची थोडी दया आली, आणि तसं मी म्हटलंही. तो बिचारा तरी काय करणार? ही पोरं नोकरीधंदा सोडून महिनाभर राबतात. कुठल्या घरात किती मतं, कोणाची आजी मतदानाला न्यावी लागेल, कोण पुण्याला शिकतोय आणि त्या दिवशी येणार नाही, हे सगळं त्यांना पाठ. मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आत बूथवर बसणारी हीच. चारचौघांत एकाला झापलं, तर संध्याकाळी तो समोरच्याच्या कचेरीत वडापाव खाताना दिसेल. जाताना आणखी चौघांना घेऊन जाईल. काकूंचं एक मत आणि त्या पोराची पाच मतं, हा हिशोब उमेदवार उभ्या उभ्या करतो. त्याला दोष देणं सोपं आहे.

"दया तू कर," काकू म्हणाल्या. "मला तर मतच द्यायचंय."

"पण पोरांवरून माणूस कसा ठरवायचा?"

"मग कशावरून ठरवू? सभागृहात तो काय बोलणार ते मी ऐकायला जाणारे? जाहीरनामा तू वाचलास? तो आपल्या दारात पाच मिनिटं असतो. पोरं वर्षभर असतात. नाक्यावर तीच, गणपतीत तीच, पार्किंगच्या भांडणात तीच. बॅनर बघतेस ना? मधे याचा भला मोठा चेहरा, आणि खाली ते गोल."

हे मात्र खरं. आचारसंहिता लागल्यावर पालिकेने बॅनर उतरवले, पण दिवाळीपासून आमच्या नाक्यावर जो झळकत होता तो मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. वरच्या बाजूला नेते, चढत्या-उतरत्या आकारात. मध्यभागी भावी नगरसेवक, हात जोडलेले, कपाळाला टिळा. खाली दोन ओळींत शुभेच्छुकांचे गोल: गॉगल, सोनसाखळी, एक गाल फोनला टेकलेला. छापणाऱ्याला वाटतं, लोक मधला चेहरा बघतात. छे. मधला चेहरा सगळ्याच बॅनरांवर सारखाच गोरा केलेला असतो. आपण थांबतो ते खालच्या गोलांपाशी, कारण ती माणसं आपल्याला माहीत असतात. हा गोल टँकरवाला. हा भाजीवाल्यांकडून रोजचे पैसे घेतो अशी कुजबुज. दुसऱ्या ओळीतला तिसरा गोल गेल्या वर्षी आमच्या वॉचमनच्या अंगावर धावून आला होता, गाडी कुठे लावायची यावरून. वॉचमनचं वय अडुसष्ट. त्या बॅनरवर मधल्या माणसाने पाण्याची टाकी, उद्यान, मोफत डोळे तपासणी काय वाटेल ते लिहावं. आमच्या इमारतीतल्या चोवीस घरांना त्यात तिसरा गोल दिसतो.

शिवाय आमच्याकडे चारजणांचं पॅनेल आहे. एकाच मतदाराने चार मतं द्यायची, चार जागांसाठी. म्हणजे एकाच्या पोरांनी केलेला गोंधळ उरलेल्या तिघांच्याही खाती जमा. त्यातल्या एक बाई शिक्षिका आहेत, चांगल्या आहेत म्हणतात. त्यांना या सायलेन्सरवाल्यांबरोबर एकाच पत्रकावर हसावं लागतं.

"आमच्या पार्ल्यात एवढं मोठं प्रकरण झालं, त्यातून शिकायला नको?" काकू म्हणाल्या. काकू ठाण्यात आल्या त्या काका निवृत्त झाल्यावर. त्याआधी जन्म सगळा विलेपार्ल्यात. "डॉक्टरांचं गं. प्रभूंचं."

हे ऐकल्याबरोबर पेपर खाली आला, आणि काका स्वतः गॅलरीत. एरवी आमच्या अधिवेशनात ते प्रेक्षकही नसतात.

"१९८७ चा डिसेंबर," काका म्हणाले. "पार्ल्याची विधानसभेची पोटनिवडणूक. एका बाजूला डॉ. रमेश प्रभू, दुसरीकडे काँग्रेसचे प्रभाकर कुंटे."

"डॉक्टर म्हणजे काय प्रस्थ होतं!" काकू. "मुंबईचे महापौर. पार्ल्यातलं ते प्रबोधनकार ठाकरे क्रीडासंकुल त्यांच्याच खटपटीतून उभं राहिलं. माझी धाकटी तिथेच पोहायला शिकली."

"तू थांब जरा. तर प्रभूंच्या प्रचाराला बाळासाहेब ठाकरे उतरले. सभा प्रचंड. धर्माच्या नावावर मत मागितलं गेलं, असा आक्षेप. प्रभू निवडून आले आणि कुंटे कोर्टात गेले. आता गंमत बघ. भाषणं केली बाळासाहेबांनी. एप्रिल १९८९ मध्ये हायकोर्टाने निवडणूक रद्द केली ती प्रभूंची."

"पण भाषण दुसऱ्याने केलं तर..."

"तिथेच तर मेख आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२३. भ्रष्ट आचार उमेदवाराने केला, त्याच्या एजंटने केला, किंवा त्यांच्या संमतीने आणखी कोणी केला, सगळं सारखंच. संमती म्हणजे स्टँपपेपरवर लिहून द्यावी लागत नाही. परिस्थितीवरून धरली जाते. ११ डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल कायम केला. तोवर ती विधानसभा केव्हाच संपली होती, पुढच्या दोन निवडणुकाही होऊन गेल्या होत्या. पण सहा वर्षांची अपात्रता आली. आणि १९९९ च्या जुलैमध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने खुद्द बाळासाहेबांचा मताधिकार गेला. २००१ च्या डिसेंबरपर्यंत."

"पण तेव्हा मतं मिळाली ना त्या भाषणांनी?" मी खोडा घातला.

"मिळाली असतील की. डॉक्टर जिंकले ते सगळ्यांनी पाहिलंय. सभांना लोक भाषण ऐकायला यायचे, डॉक्टरांना बघायला कोण येतंय? पण माझं म्हणणं वेगळं आहे. आज लॉ कॉलेजातल्या कुठल्याही पोराला विचार, प्रभू कोण? तो सांगेल, ती प्रभू विरुद्ध कुंटे केस, धर्मावर मत मागितल्याची. दवाखाना नाही, महापौरपद नाही, तो पोहण्याचा तलाव नाही. दुसऱ्याच्या भाषणाखाली माणूस कायमचा नोंदला गेला."

काका आत गेले. पेपर पुन्हा वर.

मग मला राहवेना. मी काकूंना मॅकेनची गोष्ट सांगितली. माझा दीर तेव्हा अमेरिकेत होता, त्याने फोनवर रंगवून सांगितली होती म्हणून लक्षात. २००८ चा ऑक्टोबर, मिनेसोटा राज्यातलं लेकव्हिल नावाचं गाव. जॉन मॅकेन ओबामांविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभे. सभेत त्यांच्याच बाजूची एक बाई माईकवर म्हणाली, ओबामांवर माझा विश्वास नाही, तो अरब आहे. मॅकेननी मान हलवली, तिच्याकडून माईक घेतला आणि म्हणाले, नाही बाई, तो सज्जन, कुटुंबवत्सल माणूस आहे, माझे त्याच्याशी मतभेद आहेत इतकंच. त्याच सभेत, ओबामा निवडून आले तर घाबरायचं कारण नाही, असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. नंतर काहींनी रास्त प्रश्नही विचारला, अरब असलं म्हणजे सज्जन नसतं की काय? पण माईक त्यांनी घेतला.

"आणि पुढे?"

"पडले. नोव्हेंबरात."

"बघ!" काकूंना कोण आनंद. "म्हणूनच हा बोलला नाही, उत्साही म्हणाला."

"पण २०१८ मध्ये मॅकेन गेले ना, तेव्हा जगभर टीव्हीवर तीच क्लिप दाखवत होते."

"मेल्यावर ना? याला जिवंतपणी नगरसेवक व्हायचंय."

यावर मला उत्तर सुचलं नाही.

समोरच्या पॅनेलची तऱ्हा निराळी. तिकडे एक बाई उभ्या आहेत, महिलांच्या राखीव जागेवर. त्यांच्या बरोबर बचतगटाच्या बायका असतात, आवाज नाही, धक्काबुक्की नाही, चपला दाराबाहेर काढतात. फक्त एक अडचण. बाईंना काही विचारलं की उत्तर त्यांचे यजमान, म्हणजे साहेब, देतात. काकूंनी गटाराचं विचारलं, साहेब बोलले. पाण्याचं विचारलं, साहेब बोलले. शेवटी काकूंनी बाईंना, तुमचं माहेर कुठलं, असं विचारलं, तर तेही साहेबांनी सांगितलं. आणि त्यांच्या बायकांनी मागच्या आठवड्यात हळदीकुंकू केलं. संक्रांत यायचीय, आणि हळदीकुंकू उरकलंसुद्धा! कारण संक्रांतीला प्रचार बंद.

"वाण दिलं?"

"चाळणी. मी नाही घेतली हो," काकू घाईने म्हणाल्या. "हे ओरडले आतून, आमिष आहे म्हणून. आणि घरात दोन आहेत."

इतक्यात फाटकातून एक पोरगा आला. विशी-बाविशीचा, पाठीला सॅक, हातात मतदारयादीचे झेरॉक्स. फाटक आपल्यामागे लावून घेतलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आमचं फाटक लावणारा माणूस मी गेल्या महिन्यात पाहिलेला नाही. त्याने काकूंचं नाव यादीत शोधलं, भाग क्रमांक, अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. काकांचं नाव दुसऱ्याच केंद्रावर गेलंय, हे त्यानेच दाखवलं. "आजोबांना जिना चढवणार नाही ना? खाली खुर्ची मागून ठेवतो," म्हणाला. पाणी विचारलं तर नको म्हणाला, अजून दोन इमारती राहिल्यात.

काकू विरघळल्या. "कोणाचा रे तू?"

त्याने नाव सांगितलं. सायलेन्सरवाल्याचं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी जास्वंदीकडे.

"मग तो रे," काकू सावरून म्हणाल्या, "तो बॅनरवरचा, दुसऱ्या ओळीतला तिसरा, गॉगलवाला. तो पण हेच काम करतो का?"

पोरगा हसू दाबत चिठ्ठ्या नीट लावायला लागला. "नाही, काकू. ते फिरत नाहीत. ते बॅनरवरच असतात."

"आणि तू? तुला मी बॅनरवर नाही पाहिलं."

"आमचा नसतो," तो म्हणाला. "गोलाचे पैसे पडतात."