सव्वीस-बावीस

"काय हो वहिनी, काल तुमच्याकडे पेढे वाटले म्हणे! सुनेला दिवस-बिवस?"

"कसले दिवस! ह्यांचा बुद्धिबळाचा डाव संपला. त्या जर्मनाशी चालला होता ना, तो."

"जिंकले?"

"बरोबरी."

"अगं बाई! बरोबरीचे पेढे?"

"मीही तेच म्हटलं. दीड वर्ष चाललं होतं, कुसुमताई! दहा खेळ्यांना पन्नास दिवस असतात त्यांच्या त्या पत्रानं खेळायच्या बुद्धिबळात. पूर्वी पोस्टकार्डं यायची, आता सगळं कॉम्प्युटरवर. पण हे वहीत अजून जुने आकडेच लिहितात. पटावरच्या प्रत्येक घराला दोन आकडे, कुठून निघालं नि कुठं गेलं. एकदा वही उघडी दिसली, २६२२ आणि भोवती लाल गोल. म्हटलं, संपलं! म्हातारपणी मटका!"

"काय सांगता!"

"दोन दिवस अबोला धरला. मग कळलं, तो ह्यांचा वजीर. सव्वीसवरून बावीसवर जाऊन प्यादं खाल्लं. विषारी प्यादं म्हणतात त्याला. सिसिलियनमधलं नायडॉर्फ की काय ते. खायला फुकट, पण वजीर तिकडे एकटा पडतो आणि समोरचा तेवढ्यात अंगावर येतो. १९७२ला रेक्याविकमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत फिशर स्पास्कीपुढे हेच खायला गेला. सातव्या डावात बरोबरीवर निभावलं, अकराव्यात वजीरच कोंडला गेला!"

"मग खायचं कशाला मेलं?"

"ते तुम्हीच विचारा. मी विचारलं, तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भाताचा गोळा झाला."

"बरं, शेवट कसा झाला?"

"जर्मनानं हत्ती सोडला आणि हात धुऊन ह्यांच्या राजाच्या मागे लागला. शह, राजा कोपऱ्यात. पुन्हा शह, राजा बाहेर. तो थांबला तर तो हरणार, हे निसटायला गेले तर हे. तीच मांडणी तीनदा आली नि मिटलं."

"आमचा बंटी म्हणतो, खेळ्या कॉम्प्युटरच सांगतो."

"मुभाच आहे हो त्यांच्यात! दोन्हीकडे यंत्र, मग हरणार कोण? हल्ली वरच्या स्पर्धांत बहुतेक डाव असेच सुटतात. माझं मत विचाराल, तर पेढा यंत्रापुढे ठेवायला हवा होता."

"आता तरी मोकळे झाले ना?"

"कुठले! नवा डाव लागलाय, ह्या वेळी पांढरी मोहरी. ते प्यादं आता आपण समोर ठेवणार म्हणे. खाऊ दे त्याला, म्हणतात."