पिंप जागच्या जागी

माल जागचा न हलता अडत कशी कापली जाते, हे बाजार समितीवाल्यांना शिकवायला नको. टेक्ससने मात्र त्यावर कडी केली. तिथल्या 2017च्या कायद्यानुसार, सगळ्या कारखान्यांत मिळून वर्षाला 2,25,000 बॅरलपेक्षा जास्त बिअर बनवणाऱ्याने कारखान्यातल्या स्वतःच्याच बारमध्ये ग्लास भरायचा, तर ती बिअर आधी वितरकाला विकायची आणि मग त्याचा नफा धरून परत विकत घ्यायची. पिंप तिथेच. हलतात ते कागद आणि पैसे.

याचं मूळ 1933 सालचं. अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि बनवणारा, वितरक, विक्रेता असे तीन वर्ण पडले. बड्या कंपन्यांनी गुत्तेच गिळू नयेत, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण मधल्या वर्णाला टेक्ससच्या विधिमंडळाची वाट पाठ झाली.

2013च्या कायद्यात आणखी एक गंमत. एखाद्या भागात बिअर विकण्याचा हक्क वितरकाला देताना ब्रुअरीने पैसे घ्यायचे नाहीत. वितरकाने तोच हक्क दुसऱ्या वितरकाला खुशाल विकावा. देताना दान, पुढे धंदा! तीन छोट्या ब्रुअरी कोर्टात गेल्या, त्यात नवल नाही.

कारखाना बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला बिअरचे चार डबे घरी नेता यावेत, एवढ्यासाठी 2019 उजाडावं लागलं. वाईनला ती मुभा आधीपासून होती. बार्लीची जातच हलकी, दुसरं काय? आणि मुभाही मापून: माणशी दिवसाला 288 औंस, म्हणजे 12 औंसी 24 डबे.